पुठ्ठा

मागच्या रांगेतून मॅनेजरसाहेबांची बॅटरी दोनदा लुकलुकली आणि ऑपरेटरने लेन्ससमोर पुठ्ठा धरला. पडदा काळा झाला. दुसऱ्या हाताने त्याने आवाज पार बंद केला. खाली रोजच्यासारखी हुल्लड उठली. शिट्ट्या झाल्या, पाय आपटून झाले, मग ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

"ए, वर झोपलास का रे?"

त्याला सगळे ऐकू येत होते. शिव्या देणारे आपलेच होते, म्हणून तो फारसा मनावर घेत नसे.

सकाळचा खेळ काळ्यांचा, दुपारचा गोऱ्यांचा. पडदा तोच, रीळ तेच, ऑपरेटरही तोच. सिनेमा एका धोबिणीचा होता. तिच्या मुलाला पोलीस उचलून नेतात, ती चौकीच्या पायरीवर जाऊन बसते आणि मारले तरी उठत नाही. मग तिच्यासारखेच साधेसुधे लोक एकेक करून शेजारी येऊन बसतात. नेमका हा शेवटचा प्रसंग काळ्यांना दाखवायचा नाही, असा वरून हुकूम होता. कापून टाकावा, तर दुपारी गोऱ्यांना काय दाखवणार? म्हणून हा पुठ्ठा. बुटांच्या खोक्याचे साधे झाकण होते ते.

केबिनला बाहेरून कुलूप असे. दुपारच्या प्रेक्षकांना जिन्यात काळा माणूस दिसू नये म्हणून सकाळी लावलेले कुलूप संध्याकाळीच निघे. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. कुलूप लावताना न चुकता "सॉरी हं" म्हणत. आत यंत्राची धग, आणि हवेसाठी रस्त्याच्या बाजूला हातभर झरोका. शहरात राहायचा परवाना नोकरीवर होता. नोकरी गेली की बायकोपोरांसकट गाशा गुंडाळायचा. तेव्हा ऑपरेटर तोंडात मिठाची गुळणी धरून होता.

घोळ झाला तो जेवताना. ऑपरेटरची थोरली बहीण, अक्का, त्याच्याकडेच राहायला आली होती. तीही गोऱ्यांच्या घरी कपडे धुणारी. तिच्या एकुलत्या एका मुलाला कामावरूनच धरून नेले होते, थेटरासमोरच्या चौकीत. ती रोज डबा घेऊन जाई आणि रोज भरलेला डबा परत आणी. जेवणावरून तिचे मन उडाले होते. तिने दोन घास खावेत म्हणून ऑपरेटरने धोबिणीची गोष्ट काढली.

"बरं, लोक येऊन बसले. पुढं?" अक्काने विचारले.

"पुढं काय? संपलं."

"आणि पोरगा?"

तिचा घास हातातच थांबला होता. ऑपरेटरने कान खाजवला.

"सोडला की! बाहेर येतो आणि म्हणतो, आई, भूक लागली."

अक्काने घास तोंडात घातला. खरे तर सिनेमात शेवटी शिपाई बाहेर येतो आणि आईच्या मांडीवर मुलाचा सदरा ठेवतो. घडी केलेला. पण ते जेवताना कुणाला सांगणार?

"मला बघायचाय," ती म्हणाली.

"अगं, त्या वेळी अंधार असतो तिथं."

"असू दे. अंधाराची काय नवलाई आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी अक्का पुढच्याच रांगेत बसली, मांडीवर डबा घेऊन. बॅटरी लुकलुकली, पुठ्ठा आला, हुल्लड उठली. आणि अक्का उभी राहिली.

"गप बसा रे मेल्यांनो! दिसत नाही ते मी सांगते."

लोक हसले. तिने सांगायला सुरुवात केली तसे हसणे विरत गेले. "ती पायरीवर बसलीय. शिपाई म्हणतो, ऊठ. ती म्हणते, पोर आत आहे माझं, मी कुठं जाऊ?"

हे वाक्य सिनेमात नव्हतेच. चुलीत गेली नोकरी, असे ऑपरेटरच्या मनात आले आणि पुठ्ठा धरलेला हात खाली येऊ लागला. तेवढ्यात त्याला सदरा आठवला. आता पुठ्ठा काढला, तर अक्काला तोच दिसणार होता. त्याने हात घाईघाईने वर केला. इतके दिवस तो पुठ्ठा साहेबांसाठी धरत होता, आज अक्कासाठी धरला.

"आणि पोरगा बाहेर येतो," काळोखात अक्का सांगत होती, "म्हणतो, आई, भूक लागली."

एकही शिट्टी वाजली नाही.

खेळ सुटला. झरोक्यातून त्याने पाहिले तर अक्का रस्ता ओलांडून थेट चौकीच्या पायरीवर जाऊन बसली होती. शिपायाने तिला ढकलले. ती पडली, उठली आणि पुन्हा तिथेच बसली. समोर थबकलेल्या लोकांतून एक म्हातारा पुढे झाला, मग एक बाई.

ऑपरेटरने दारावर धडाधड मुठी मारल्या. "साहेब, कुलूप काढा! बहीण आहे माझी! मी खोटं सांगितलं तिला!"

"दुपारचे लोक यायला लागलेत," दारापलीकडून साहेब हळूच म्हणाले. "खेळ लाव. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

त्याने खेळ लावला. दुसरे करणार काय? रीळ फिरत होते आणि तो झरोका आणि यंत्र यांच्यामध्ये येरझारा घालत होता. आपणच तिला त्या पायरीवर धाडले, हे त्याला आतून खात होते. धोबिणीच्या मांडीवर सदरा आला तेव्हा खाली रुमाल निघाले. एका गोऱ्या बाईंचा हुंदका केबिनपर्यंत ऐकू आला. मग दिवे लागले, आणि डोळे पुसत लोक बाहेर पडले. पायरीवरच्या माणसांना वळसा घालून ते आपापल्या गाड्यांकडे गेले.

साहेबांनी कुलूप काढले. "मागच्या दाराने जा. तिकडे बघूसुद्धा नकोस. परवान्याचा विचार कर."

"हो साहेब," तो सवयीने म्हणाला, आणि पुठ्ठा काखेत मारून पुढच्या दाराने बाहेर पडला.

अक्काच्या कपाळावर टेंगूळ आले होते. डबा तसाच बंद होता.

"अक्का, तो पोरगा बाहेर येत नाही गं."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तू कान खाजवलास ना? साखर चोरून खायचास, तेव्हाही असाच खाजवायचास."

"मग इथं कशाला बसलीस?"

"घरी बसून तरी काय करणार होते, बाळ्या?"

मागे चौकीचे दार बंद होते. थेटराच्या दारात साहेब बॅटरी हातात घेऊन उभे होते. अक्काने डबा पलीकडे सरकवून जागा केली.

दगड गार पडला होता. ऑपरेटरने काखेतला पुठ्ठा काढून पायरीवर ठेवला.

"ह्याच्यावर बस," तो म्हणाला, आणि स्वतः शेजारी नुसत्या दगडावर टेकला.