तात्पुरता जोड

साहेब, बंब तुम्ही बंद पाडलात. हे आधी तोंडावर सांगतो, बाकीचं मग.

आज साडेअकराला आग स्वतः चालत नगरपालिकेत आली. सुतार आळीतून निघाली, बाजारपेठेतून डाव्या बाजूने, कुणाला धक्का न लावता. फाटकाशी तिने पाय पुसले. पायपुसणं जळालं, पण तिने पुसले. मग आवारातल्या बाकड्यावर बसून म्हणाली, "तासभर वाट बघितली. कुणी आलं नाही. म्हटलं आपणच जावं."

हे तुम्ही वरच्या खिडकीतून पाहिलंत. पडदा हलला तो आवारात जमलेल्या आम्हा गाववाल्यांनी पाहिला.

बंब आवारातच उभा होता. बॉनेट उघडं आणि त्यात कमरेपर्यंत शिरलेला बाबालाल मणेर. गावातल्या गाड्यांचं वायरिंग गेली तीस वर्षं त्याच्याच हातचं.

"किल्ली मार," तो आतूनच ओरडला.

ड्रायव्हर यल्लाप्पाने किल्ली मारली. स्टार्टर फिरला, फिरतच राहिला. इंजिनाने मनावर घेतलं नाही.

"मिस्त्री, मी कितीला निघू?" आगीने विचारलं.

"तू कुठं निघतीस?"

"जिना अर्धा राहिलाय ना. एकपर्यंत थांबते. एकदा निघाले की मग मध्ये येऊ नका, माझ्याच्यानं आवरत नाही."

सुतार आळीतला तो जिना लाकडी. वरच्या मजल्यावर सात बाया शिलाईला बसतात. त्यातली खिडकीजवळची बिल्कीस, बाबालालची बायको. सोळा पायऱ्यांपैकी खालच्या आठ आगीने खाल्ल्या होत्या, वरच्या आठ बाकी होत्या. तिने काही लपवलं नाही. विचारलं तेवढ्याचं सरळ उत्तर दिलं. या इमारतीत आज असं करणारी ती एकटीच.

बाबालालने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक पहिल्या इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. गाडीवाले असंच ऐकतात. डिझेल उडत असलं की आतून बारीक टिकटिक येते. पहिल्यात टिकटिक नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात शिलाई मशीन चालल्याचा आवाज आला. चौथ्यात बिल्कीस बोलली.

"अवो, बंब निघाला का?"

"निघतोय."

"धूर वर आलाय. आम्ही मशीन थांबवल्याली नाही. थांबवली की बाया रडायला लागत्यात."

"निघतोय म्हटलं न्हवं?"

"तुम्ही असंच म्हणता," बिल्कीस म्हणाली. "घरचा मिक्सर दुरुस्त करायच्या वेळीबी असंच म्हणला होता."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला तरी मुठीत तिचा श्वास राहिला. सुतार पेन्सिल खोचतो तसा तो त्याने कानावर खोचला आणि मीटर काढला.

बॅटरीवर चोवीस व्होल्ट. गाडीच्या कंप्युटरवर सोळा. हा कंप्युटर म्हणजे सीटखालची पत्र्याची डबी. इंजेक्टरने कधी उडायचं ते ही डबी सांगते, आणि सोळा व्होल्टवर ती कुणाला काही सांगत नाही. दोघांमध्ये एकच लाल-पांढरी वायर.

"मधले आठ कोण खातंय?" यल्लाप्पाने विचारलं.

"वायर धरून जातो की. खाणारा कुठं जातोय?"

ती वायर अडीच मीटरची असायला हवी. बाबालालने ती मुठीत धरली आणि चालू लागला. वायर पाण्याच्या टाकीखालून गेली, मागच्या चाकामागून बाहेर पडली, आवार ओलांडून भिंतीवर चढली, झडपेतून तुमच्या इमारतीत शिरली आणि जिन्याने वर निघाली. दुसरी एक तशीच तिच्या अंगाला अंग लावून परत खाली येत होती. जाणारी आणि येणारी. बाबालालला नवल वाटायला वेळ नव्हता. पॅसेजमधल्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

वरच्या पॅसेजच्या तोंडाशी पहिला जोड लागला, काळ्या टेपने गुंडाळलेला. त्याने टेप सोडली. प्रत्येक मिस्त्रीचा पीळ वेगळा असतो. बाबालाल डावरा, त्याचा पीळ उलटा बसतो. हा पीळ उलटा होता.

टेपखाली जोड मारला त्या दिवशीचा आवाज दबून राहिला होता, तो बाहेर आला.

"तात्पुरतं कर," तुम्ही म्हणालात. "नवीन वायरिंग मागवलंय."

"व्हय साहेब," बाबालाल म्हणाला.

जोड उघडल्याबरोबर पॅसेज वीतभर अरुंद झाला. दोन्ही बाजूंची कपाटं एकेक पाऊल आत आली. त्याने पुन्हा टेप गुंडाळली, पॅसेज मागे सरला नाही.

दुसरा जोड. "तात्पुरतं कर." "व्हय साहेब." पुन्हा वीतभर. चौथ्या जोडाला त्याचा आवाज चाळिशीचा होता, सातव्याला पस्तिशीचा. सातव्यापासून त्याला आडवं होऊन सरकावं लागलं. नवव्याला छत खाली आलं आणि तो रांगू लागला. अकराव्या जोडात पंचविशीचा पोरगा हसत म्हणाला, "व्हय साहेब," आणि बाबालालने ती टेप घाईने पुन्हा गुंडाळली. तुमचा आवाज अकराही जोडांत एकाच वयाचा होता.

त्याला वाटलं होतं, आठ व्होल्ट आपलेच जोड खात असतील. त्याच भीतीने तो प्रत्येक जोडाच्या पुढे मीटर लावत होता. अकराव्याच्या पुढेही चोवीस. त्याच्या तात्पुरत्या जोडांनी केसभरही वीज खाल्ली नव्हती. पोटावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "च्यायला." त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तिथून पुढे वायर तुमच्या दाराच्या चौकटीवर चढली. चढली म्हणजे काय, दार तोवर देवळीएवढं झालं होतं. त्यावरचा लाल दिवा बाबालालच्या नाकासमोर आला. दिव्याखाली पाटी: बैठक चालू आहे.

त्याने दिव्याच्या अलीकडे मीटर लावला. चोवीस.

पलीकडे लावला. सोळा.

"यल्लाप्पा!" तो पायांकडे तोंड करून ओरडला. "वीतभर वायर आण!"

"वायर गोदामात हाय!" खालून यल्लाप्पा.

"मग उघड की गोदाम!"

"किल्ली साहेबांकडं!"

"साहेब कुठं हाईत?"

"बैठकीत!"

"दहा मिनिटं राहिली," आग म्हणाली. ती ओरडली नाही, तरी तिचा आवाज जिन्यातून नीट वर आला.

बाबालालने दार वाजवलं. "साहेब, मणेर हाय. दिवा तेवढा बंद करा, बटण आतल्या बाजूला हाय." पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा आत बशीत चमचा ठेवल्याचा आवाज आला. एवढंच.

"अवो," कानावरची बिल्कीस म्हणाली, "एक पायरी गेली. मघाशी आगीचा निखारा मागं राहिला होता, त्यानं खाल्ली. सात ऱ्हायल्या."

"मशीन चालू ठेवा."

"दोरा संपत आलाय."

मग त्याने जे केलं ते कुठल्याच मिस्त्रीने करू नये. दिव्याच्या दोन्ही बाजूंची वायर दातांनी सोलली, तोडली, टोकं एकमेकांना वीतभर पुरेनात म्हणून अलीकडचं टोक डाव्या हातात, पलीकडचं उजव्या हातात धरलं. दिव्याची जागा त्याने घेतली. चोवीस व्होल्ट माणसाला लागत नाही, असं तो स्वतःशी म्हणाला. वीज कोपरात शिरली, खांद्यात आली, छातीवरून आडवी गेली आणि त्याच्या दातांत टिकटिक सुरू झाली. बारीक, एकसारखी. तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीत ऐकलेली टिकटिक.

खाली बंब सुरू झाला.

"चोवीस!" यल्लाप्पा बोंबलला. "मिस्त्री, पुरे चोवीस! चला की, बसा!"

"तू हो पुढं!"

"आणि तुम्ही?"

"अरे जा की लेका!"

आग बाकड्यावरून उठली. मांडीवरची राख झटकली. "एकला दोन मिनिटं कमी आहेत," ती म्हणाली, "पण चला, सोबत होईल." आणि ती फाटकातून बाहेर पडली. रस्ता तिच्या पायाखालचा होता, म्हणून ती पुढे आणि बंब मागे.

वायर बंबाला जोडलेलीच होती. आधी ती आवारातून उचलली गेली, मग भिंतीवरून सुटली, मग जिन्यातून सरसरत निघाली. मग सैल वायर संपली आणि ती ताणली जाऊ लागली. बंब बाजारपेठेत शिरला तशी ती बारीक झाली. बाबालालने बोटांना पीळ दिला, उलटा, आपल्या हाताचा. पॅसेज आता त्याच्या खांद्यांना चिकटून बसलाय. मागे सरकता येत नाही.

"अवो, भोंगा ऐकू येतोय," बिल्कीस म्हणाली. "बंब वळणावर आला. तुम्ही बरोबर हाय न्हवं?"

दातांतल्या टिकटिकीमुळे त्याला नीट बोलता येईना. "हाय," तो म्हणाला.

"मग दिसत का नाही?"

साहेब, दिवा विझलाय. म्हणजे बैठक संपली. बाबालाल तुमच्या दाराशी पालथा पडलाय, दोन हातांत दोन टोकं धरून. एक जरी सुटलं तरी बंब सुतार आळीच्या चढावर थांबेल, आणि आग थांबणार नाही. तिने तसं आधीच सांगितलंय. दार वाजवायला त्याच्याकडे हात उरला नाही, म्हणून त्याच्यामागे रांगत आलेले आम्ही वाजवतोय. वायर वीतभर लागते. गोदामाची किल्ली तुमच्या खिशात आहे. दाराखालच्या फटीतून तुमचे बूट दिसतात, आणि त्यांची टोकं आमच्याकडे आहेत. म्हणजे तुम्ही दाराला लागूनच उभे आहात, ऐकताय.

उघडता की नाही?