उघड्या दाराची परीक्षा

माझं झेरॉक्सचं दुकान लॉ फॅकल्टीच्या अगदी समोर आहे, गेली तेवीस वर्षं. मोरावा नदीच्या काठच्या या शहरात असा वकील शोधून सापडणार नाही, ज्याच्या नोट्स माझ्या मशीनमधून गेल्या नाहीत. पोरं मला देसांका मावशी म्हणतात, मी त्यांना गाढवं म्हणते, आणि आमचं झकास चाललंय.

फक्त एका माणसाचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. प्रोफेसर पेत्रुशिच. रोमन कायदा शिकवायचे. शिकवायचे कसले, पुस्तक विकायचे. दर वर्षी नवी आवृत्ती, आणि आधीपेक्षा जाड. नवं काय, तर मुखपृष्ठाचा रंग, दोन प्रकरणांची अदलाबदल आणि पानं वाढवायला भरताड. तोंडी परीक्षेला जाताना ते पुस्तक टेबलावर ठेवायचं. तसं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही आणि सरांनी तोंडाने कधी मागितलंही नाही. ते गुपचूप पहिल्या पानावर लाल शाईने सही ठोकायचे, म्हणजे तीच प्रत पुढच्या पोराला चालू नये. मग एखादा गुळमुळीत प्रश्न, आणि दहापैकी सात किंवा आठ. टेबल रिकामं असेल तर पाच. पाच म्हणजे नापास.

कालिना ही त्यांची एक विद्यार्थिनी, लेस्कोवात्स शहराच्या बाजूच्या एका खेड्यातली. आई मिरच्यांच्या कारखान्यात, बाप नाही. ते पुस्तक म्हणजे आईचा आठवड्याचा पगार. म्हणून जूनमध्ये ही पोरगी माझ्याकडे बांधलेली झेरॉक्स घेऊन गेली. सरांनी त्या स्पायरलकडे बघितलं आणि दोन मिनिटांत पाच दिले. जुलैमध्ये नुसतीच गेली. परत पाच. आता सप्टेंबर. या खेपेला पास झाली तर ती बजेटवर राहणार, म्हणजे फी सरकार भरणार. नाही झाली तर गाशा गुंडाळून गावी, आईशेजारी भाजलेल्या मिरच्या सोलायला. बाकी सगळ्या विषयांत नऊ-दहा असलेली पोरगी, एका पुस्तकापायी! मला असा संताप आला की मी मशीनचं झाकण आपटलं, त्याची बिजागरी अजून तुटकीच आहे.

मी म्हटलं, घे माझ्याकडून पैसे, आण ते पुस्तक, मिटव एकदाचं.

"नको मावशी," ती म्हणाली. "मला रोमन कायदा येतो. त्यांनी तो विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे."

घ्या. एवढी हट्टी पोरगी आणि एवढीशी इच्छा.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की तोंडी परीक्षा आमच्याकडे सार्वजनिक असते. कायद्यातच आहे तसं. कुणीही यावं, बसावं, ऐकावं. पण जातं कोण? दार लोटलेलं, पोरं बाहेर सिगरेटी फुंकत आपल्या पाळीची वाट बघतात. परीक्षेच्या दिवशी मी त्या सगळ्यांना म्हटलं, चला आत. तर म्हणे, मावशी, सर डूख धरतील. उद्याचे वकील हे! मी त्यांची खरडपट्टी काढली, दुकानाला कुलूप लावलं आणि एप्रनसकट कालिनाच्या मागोमाग आत जाऊन बसले. माझ्यामागून तिघं आले. मग दहा-बारा. मग खुर्च्याच संपल्या.

"आपण कोण?" सरांनी मला विचारलं.

"जनता," मी म्हटलं. "परीक्षा सार्वजनिक आहे ना?"

कालिनाने टेबलावर फक्त आपली मार्कांची वही ठेवली. सरांनी टेबलाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आणि?"

"आणि काय, सर?"

आता आली का पंचाईत. लोटलेल्या दाराआड पुस्तक आपोआप टेबलावर यायचं, कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. इथे चाळीस माणसांसमोर त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं होतं, की माझं पुस्तक विकत घेतलं नाहीस म्हणून नापास. त्यांचे कान लाल झाले. माझ्या जिवाला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

"प्रश्नाची चिठ्ठी उचल," ते म्हणाले.

सुरुवातीला रागाने विचारत होते, मुद्दाम अवघड. माझ्या झाडाचे प्लम शेजाऱ्याच्या अंगणात पडले तर ते कुणाचे? कालिना म्हणाली, माझेच, आणि ते वेचायला एक दिवसाआड त्याच्या अंगणात जायचा मला हक्क आहे. शेजाऱ्याने आडकाठी केली तर? तिने तेही सांगितलं. मग सर पुढे झुकले. एके ठिकाणी ती चुकली, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, हातवारे करत, आणि इतकं सोपं, की मलासुद्धा कळलं. या माणसाला शिकवता येतं, हे मला तेवीस वर्षांत पहिल्यांदा समजलं आणि त्यांचा आणखीनच राग आला.

पाऊण तासाने त्यांनी विचारलं, "हे सगळं कुठून वाचलंस?"

"तुमच्याच पुस्तकातून, सर. पहिल्या आवृत्तीतून. लायब्ररीत एकच प्रत आहे, एकशे दहा पानांची. तिच्यात सगळं आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते मी तिशीत लिहिलं होतं, असं काहीतरी पुटपुटले. मग तिच्या वहीत नऊ लिहिले.

पुढच्या पोराने जाडजूड पुस्तक टेबलावर मांडलं. सरांनी कोपराने ते बाजूला सारलं आणि चिठ्ठी उचलायला सांगितली. झालं, पुस्तकाच्या भरवशावर आलेली निम्मी खोली उठून बाहेर पळाली. त्या पोरांनी मला अजून माफ केलेलं नाही.

बाहेर कालिनाने आईला फोन लावला, आणि तिकडून हॅलो आल्याबरोबर हिला रडू फुटलं. आई तिकडे घाबरून काय झालं, काय झालं करतेय, मागे कारखान्याचा धडधडाट. शेवटी मी फोन ओढून घेतला आणि ओरडले, "नऊ मिळाले तुमच्या पोरीला! राहिली ती बजेटवर!"

"पुन्हा सांगा."

मी आणखी जोरात सांगितलं. मग फोनपासून तोंड लांब नेऊन तिची आई कुणाला तरी म्हणाली, अगं, जरा बंद कर ते मशीन. धडधडाट थांबला.

"आता सांगा."

"नऊ. इथेच राहणार ती. इतका वेळ ऐकू आलं नाही का हो?"

"मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "इथल्या बायकांना ऐकायचंय."