दारात काढलेला कोट

"आला बघ त्याचा धूर!" म्हणत हवालदारांनी खिडकी धाडकन लावली. शेजारी आपल्या सज्जात सिगारेट ओढत होता. आत बायको खोकत दवाखान्यात जायची तयारी करत होती.

हवालदार म्हणजे पोलीस नव्हेत. त्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या नळ्यांना पांढरं वेष्टन चढवण्यात गेली. पण प्रत्येकावर संशय घ्यायची खोड, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. बायकोच्या फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर निघाल्यापासून तर त्यांनी कुणालाच सोडलं नाही. मोबाइलचा टॉवर, दूधवाला, प्लॅस्टिकचे डबे, सगळे आरोपी. शेजारी तर पहिल्या नंबरचा.

दवाखान्यात नर्सने बायकोला वजन करायला पडद्याआड नेलं, तशी हवालदारांनी संधी साधली.

"डॉक्टर, कोणामुळे झालं हे? नाव सांगा, मी बघतो त्याच्याकडे."

डॉक्टरीण तरुण होती, पण घाईतली नव्हती. "काका, हा रोग बाहेरून येऊन बसत नाही. शरीरात रोज नव्या पेशी बनतात, जुनीची नक्कल करून. नक्कल करताना चुका होतात. बऱ्याचशा शरीरच दुरुस्त करतं. पण तंबाखू, दारू, काही विषाणू, वाढतं वय, यांनी चुका साचत जातात. मग एखादी पेशी कुणाचं ऐकेनाशी होते आणि वाढतच सुटते."

"तंबाखू! म्हणजे शेजारीच!"

"नाही. या जातीच्या कॅन्सरमागे बहुतेकदा ॲस्बेस्टॉसची, म्हणजे नळ्यांच्या वेष्टनात वापरायच्या त्या तंतूंची, धूळ असते. श्वासातून आत गेली की वर्षानुवर्षं गप्प बसते. काकू कारखान्यात होत्या का?"

"छे! ती कशाला? कारखान्यात मी होतो. पण मला बघा, ठणठणीत आहे."

"धूळ माणूस बघून बसत नाही, काका." तिने पेन खाली ठेवलं. "तुमचे कपडे कोण धुवायचं?"

हवालदारांना घराचं दार आठवलं. रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर बायको त्यांना दारातच अडवायची. कोट काढून घ्यायची, कठड्यावर दणादण झटकायची. पोरांच्या अंगावर कण पडू द्यायची नाही. ती पांढरी होऊन आत आली की हवालदार हसायचे, म्हणायचे, "आली बघा, पिठाची गिरणी!" त्या हसण्याची त्यांना आता भयंकर लाज वाटली.

पडदा पातळ होता. तो सरकवून बायको बाहेर आली.

रिक्षात तिने विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही. वय झालं म्हणाल्या."

"शेजाऱ्याचाच धूर असणार. तुम्ही म्हणता तेच खरं."

हवालदारांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. हिने ऐकलं होतं का? जन्मभर दुसऱ्याचं खोटं पकडणाऱ्या माणसाला आज बायकोला विचारायचा धीर झाला नाही.

घरी दारातच त्यांनी कोट काढला. सवयीने तिचा हात पुढे आला. त्यांनी कोट छातीशी घट्ट धरला.

"राहू दे. मी ठेवतो."

"द्या हो," ती दम घेत म्हणाली. "आता कुठे धूळ आहे त्यात."

त्यांच्या हाताची पकड सुटली. तिने कोट घेतला, न झटकता खुंटीला अडकवला आणि त्याची मुडपलेली कॉलर नीट केली.