नजरेचं माप

टेलरमास्तरांना मेंदूचा झटका आला तो अगदी छोटा. इतका छोटा, की भेटायला येणाऱ्यांना तोंड पाडावं की नाही तेच कळेना. चार दिवसांत मास्तर आपल्या पायांनी घरी गेले. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत, फक्त नजरेचं माप गेलं. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की टेप न लावता छाती-खांदा सांगणारा हा माणूस! त्याला आता खडूची रेघ कुठे मारायची ते समजेना. तीन कोट बेतले आणि तिन्ही वाया घालवले.

छोट्या झटक्यानंतर मेंदू वर्षानुवर्षं काय करतो, याचं संशोधन एक डॉक्टरबाई करत होत्या. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या एकसष्ट रुग्णांत मास्तर होते. पहिल्या वर्षाच्या तपासणीला मास्तरांनी विचारलं, "बाई, नजर परत येईल का हो?"

"जे यायचं ते वर्षभरात येतं. पुढे वाट बघण्यात अर्थ नाही," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि पुस्तकांतही तसंच लिहिलेलं होतं. झालं! मास्तरांसाठी ती काळ्या दगडावरची रेघ ठरली. कात्री बायकोच्या हातात गेली आणि मास्तर काज-बटणं करत बसले.

आज पाचव्या वर्षाची, शेवटची तपासणी. सकाळी स्कॅन झाला. मग भोकांत खुंट्या बसवणं, ठिपके जोडणं, सगळ्यात पैकीच्या पैकी. तसे ते दुसऱ्या वर्षापासूनच मिळत होते.

"खुंट्या बसवून कोट होतो का हो बाई?" मास्तरांची बायको फणकारली.

"तू गप गं," मास्तर म्हणाले. "बाई, आता कागदावर लिहून द्या, की हा माणूस बेतायच्या कामाचा राहिला नाही. हिचे गुडघे गेलेत, टेबलाशी उभं राहवत नाही. दुकान मेव्हण्याला देऊन मोकळा होतो."

बाई पेन घ्यायला वाकल्या. मास्तर सवयीनं बोलून गेले, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा. बाही पावणेतेवीस."

बाई हसल्या. बायकोनं पिशवीतून टेप काढला आणि सरळ बाईंच्या हाताला लावला. पावणेतेवीस!

"बोलाफुलाला गाठ," मास्तर पुटपुटले.

"ऐकलंत? रोज हेच!" बायकोनं एक जाडजूड वही टेबलावर आपटली. "दारात माणूस आला की यांनी माप बोलायचं, मी टेप लावायचा. चिडवायला म्हणून दोन्ही आकडे लिहीत गेले. आता चुकतच नाहीत म्हटलं, तर म्हणतात तू माझं मन राखतेस."

बाईंनी पानं उलटली. पहिल्या वर्षी तीन-तीन इंचांची चूक. दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी सव्वा. आता पाव इंच, कधी तेवढीही नाही. वर्ष संपलं म्हणून सुधारणा कुठे थांबली नव्हती.

बाईंनी पहिल्या वर्षीचा आणि आजचा स्कॅन शेजारी शेजारी लावले. मेलेली जागा होती तिथेच होती, शर्टाच्या बटणाएवढी. ती जागी झालेलीच नव्हती. पण यंत्रात रेघांची लांबी ओळखताना आज मेंदूची भलतीच बाजू उजळली होती, पार पलीकडची. तिथल्या पेशींनी ते काम कधी अंगावर घेतलं, कुणाला पत्ता नाही! गेल्या वर्षीही तिथे पुसट डाग दिसला होता आणि बाईंनी तो यंत्राचा दोष म्हणून सोडून दिला होता. त्यांच्या अंगावर काटा आला. केवढं हे! मालकानं आशा सोडली, डॉक्टरनं सोडली, आणि हा मेंदू आपला आत मुकाट कामाला लागलेला.

एका वहीच्या सुतावरून स्वर्ग गाठू नका, असं वरिष्ठ म्हणणारच. खरंच होतं ते. पण 'अर्थ नाही' हे खोटं ठरायला एक माणूस पुरेसा होता.

"लिहिताय ना कागद?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. कात्री घ्या हातात. आधी जुन्या चादरी कापा. चुकलात तर पुन्हा कापा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, मास्तर."

मास्तर आपल्या हातांकडे बघत राहिले. डोळे भरून आले.

"रडताय काय? माझे गुडघे बघा कसे खूश झालेत!" बायको म्हणाली आणि तिनंच पदरानं डोळे पुसले.

दोघं गेल्यावर बाईंनी यादी काढली. तेच वाक्य त्यांनी उरलेल्या साठ जणांनाही ऐकवलं होतं, अगदी प्रामाणिकपणे. त्यांनी पहिला नंबर फिरवला. निवृत्त शिक्षिका होत्या त्या. झटक्यानंतर त्यांना ओळी वाचता येईनात.

"अजून वाचायचा प्रयत्न करता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. तुम्हीच म्हणाला होतात ना, अर्थ नाही म्हणून."

"चुकलं माझं. घरात एखादं पुस्तक आहे?"

"सगळी वाटून टाकली मी."

"पत्ता सांगा," बाई म्हणाल्या. "मी घेऊन येते."