पाठीवरचा लाल दिवा

मित्रांनो, बीबी गावाहून लोणारकडे निघालात, की गावाबाहेर बाभळीखाली एक निळी पिकअप विटांवर उभी दिसेल. तिच्या हौद्यात आता कोंबड्या बसतात. ती जुनी गाडी म्हणजे मी.

माझे सुटे भाग बोटीने आले आणि मुंबईच्या कारखान्यात जोडले गेले. काही वर्षं एका ठेकेदाराची खडी वाहिली, मग इथल्या शालिग्रामने मला विकत घेऊन गावी आणलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शालिग्रामच्या बायकोने, मंजुळाबाईने, माझ्या नाकावर हळदकुंकू लावलं. मी गावाचे कांदे नांदुऱ्याच्या स्टेशनवर नेत असे आणि वांगी-मिरच्या लोणारच्या बाजारात. शालिग्रामची गाडी अडत नाही, असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडे.

माझ्या पाठीला एकच लाल दिवा होता. त्याच्या बल्बमध्ये दोन तारा होत्या. बारीक तार अंधारात सतत पेटलेली असे. ब्रेक दाबला की जाड तारही पेटे आणि दिवा एकदम भडक होई. गाडी थांबते आहे, हे मागच्याला त्यावरून कळे.

एका हिवाळ्यात तो बल्ब गेला. शालिग्राम नांदुऱ्याला निघाला होता.

"जुना संग न्या," मंजुळाबाई म्हणाली. "तसाच पाहून आणा."

"बल्ब तो बल्ब. त्यात काय पाहायचं?" म्हणत त्याने तो उकिरड्यावर फेकला.

नांदुऱ्याच्या दुकानदाराने विचारलं, "एका तारेचा का दोन तारांचा?" शालिग्रामला ते ठाऊक नव्हतं. स्टेशनवर माल उतरवायची घाई होती.

"मागच्या लाल दिव्याचा द्या."

"नमुना असता तर बरं झालं असतं."

"द्या हो. बसते तो."

तो बसला नाही. माझ्या बल्बच्या बुडाला दोन बारीक खुंट्या असत, एक वर, एक जराशी खाली. या नव्याच्या दोन्ही खुंट्या समोरासमोर, एकाच उंचीवर होत्या. हा तुझा नव्हे, हे सांगायला माझ्याकडे तेवढी एकच खूण होती. शालिग्रामने कानस घेतली आणि एक खुंटी घासून टाकली. मग बल्ब आत गेला. त्याने दिवा लावून पाहिला, पेटला. दिवा बंद करून ब्रेक दाबला, तरी पेटला. दोन्ही एकदम करून मात्र त्याने पाहिलं नाही. बल्ब एकाच तारेचा होता.

त्या आठवड्यात लोणारच्या बाजारातून आम्ही दिवेलागणीला परतत होतो. आमच्या आळीतले उकंडराव सायकलवर माझ्या मागे होते. ते वांगी पिकवत आणि बाजारात नेऊन विकत. उतारावर ते नेहमी माझ्या लाल दिव्याच्या अंदाजाने येत. पुढे शेळ्या आडव्या आल्या. शालिग्रामने ब्रेक दाबला. माझा दिवा होता तसाच राहिला. उकंडराव येऊन माझ्या मागच्या फाळक्यावर आदळले.

त्यांचा उजवा हात मोडला होता. शालिग्रामने त्यांना उचलून पुढे बसवलं, तेव्हा ते म्हणाले, "माझंच ध्यान नव्हतं रे. तुह्या गाडीले काही झालं तर नाही?"

दवाखान्यातून घरी आल्यावर शालिग्रामने मला अंगणात उभं केलं, दिवे लावले आणि मंजुळाबाईला मागे उभं राहायला सांगितलं.

"ब्रेक कवा दाबता?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"दाबूनच राह्यलो."

शालिग्राम किती तरी वेळ खाली उतरला नाही. त्याचा पाय ब्रेकवरच होता.

"उकंडभाऊले सांगा," ती शेवटी म्हणाली.

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याने मलाच लोणारच्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने होल्डरमध्ये पाहिलं. "आत दोन टोकं हायेत. म्हणजे दोन तारांचा लागते." त्याने खालीवर खुंट्यांचा बल्ब काढला आणि तो हलकेच वळवताच बसला. दिवा ठीक झाला. उकंडरावांना मात्र शालिग्रामने काही सांगितलं नाही.

तो त्यांची वांगी भाडं न घेता बाजारात नेऊ लागला. ते त्याच्या पोरांसाठी निवडक वांगी वेगळी काढून ठेवत आणि "तुह्यासारखा शेजारी भेटत नाही" म्हणत. ते ऐकलं, की त्या दिवशी शालिग्राम माझा गिअर फार जोरात टाकी. मंजुळाबाईने दोनदा आठवण करून दिली, मग तिने त्याच्याशी बोलणंच कमी केलं. आणि मला वाटे, तो दिवा माझ्या पाठीवर होता. खोटं मागच्याला मीच सांगितलं होतं.

उन्हाळा लागला. हात बरा झाला, तरी उकंडराव सायकलवर दिसेनात. एके सकाळी त्यांची वांग्यांची टोपली माझ्या हौद्यात ठेवताना शालिग्रामने विचारलं, "सायकल काऊन काढत नाही, भाऊ?"

"देऊन टाकली जावयाले. डोळे गेले माह्ये, शालिग्राम. त्या रोजी तू बिरेक मारला अन् दिवा भडकलेला मले दिसलाच नाही. असा माणूस उद्या कोणाच्या अंगावर जाईन. वांग्याचा मळाही भावाले पिकवायले देतो म्हणलं."

शालिग्रामने टोपली बांधायची दोरी खाली टाकली.

"भाऊ, तुमचे डोळे बरे हायेत. दिवा भडकलाच नव्हता. चुकीचा बल्ब मी घासून बसवला होता."

उकंडराव त्याच्याकडे वळले. "तुले कवा समजलं?"

"त्याच सांजेले."

"अन् तू मले आंधळा होऊ देल्लं."

त्यांनी टोपली हौद्यातून उतरवली, डोक्यावर घेतली आणि लोणारच्या रस्त्याने पायी चालू लागले. शालिग्राम मला घेऊन हळूहळू त्यांच्या मागे गेला, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. मळा त्यांनी भावाला दिला नाही. पुढे जावयाकडून सायकलही परत आणली. शालिग्रामशी ते बोलत, पाऊसपाण्याचं, बाजारभावाचं. पण माझ्यात पुन्हा कधी बसले नाहीत.

मित्रांनो, मागून येणारा माणूस तुमच्या दिव्याकडे पाहून चालत असतो, म्हणून तो नीट ठेवा. आणि तुमच्या हातून कोणाला लागलं, तर त्याला त्याच सांजेला जाऊन सांगा. चार महिन्यांनी सांगितलं तर डोळे परत मिळतात, माणूस मिळत नाही.