बदली माणूस

घरात तिला बारकी म्हणत. मागून शेंडेफळ जन्मलं तरी ते नाव काही सुटलं नाही. आता शेंडेफळही नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला बसलं होतं, आणि बारकी पास होऊन आठ महिने घरी बसली होती. सहा दवाखान्यांनी तिला एकच उत्तर दिलं होतं: अनुभव घेऊन या. अनुभव काय भाजीसारखा निवडून आणायचा असतो, असं आई म्हणायची. पण हल्ली तीही हे हसून म्हणत नसे.

अशात चुलतबहिणीचा फोन आला. ही ताई एका खाजगी रुग्णालयात नर्स होती. मेट्रनजवळ शब्द टाकलाय, म्हणाली. तीन वर्षांचा करार, मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात, पण जागा पक्की. वॉर्ड कसा आहे विचारल्यावर म्हणाली, हवेशीर आहे.

मेट्रनने करार पुढे सरकवला आणि चार वाजेपर्यंत सही हवी म्हणून सांगितलं. ताईने बारकीला कँटीनमध्ये बसवलं, चहा दिला. वॉर्ड उद्यापासून बघायचाच आहे, आज वर येऊ नकोस, असं तिने दोनदा बजावलं. एकदाच सांगितलं असतं तर बारकी बसून राहिली असती.

तिसऱ्या मजल्यावर चौतीस खाटा होत्या आणि नर्स एक. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, वास जावा म्हणून. एका म्हाताऱ्याची लघवीची पिशवी भरून तट्ट झाली होती. बारकीने ती रिकामी केली, त्याला कुशीवर वळवलं, तर पाठीला तळहात मावेल एवढी जखम. म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं ते सोडेना. एकेक बोट उचलून तिला हात सोडवून घ्यावा लागला.

"तूच का ती बहीण?" लादी पुसणारी मावशी म्हणाली. "बरं झालं बाई आलीस. ताईची तीन वर्षं संपून वर्ष होत आलं."

मग फडकं पिळता पिळता तिने सगळं सांगितलं. कराराचं शेवटचं कलम असं होतं, की मुदत संपली तरी बदली माणूस रुजू झाल्याशिवाय कागद परत नाहीत. ताईने आधी दोघींना आणलं होतं. दोघींनी वॉर्ड पाहिला आणि आल्या जिन्याने पळ काढला.

ताई ड्रेसिंगच्या खोलीत गॉजच्या घड्या घालत होती. बारकीला पाहूनही तिचे हात थांबले नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"मी तुझी बहीण आहे, ताई."

"म्हणून तर तुला बोलावलं. परक्या टिकत नाहीत."

आपण सही करणार नाही, असं बारकीने सांगितलं. ताईने हातातली घडी दाबून सपाट केली. जा की, म्हणाली. काकांनी विचारलं तर सांग, मी वासाला घाबरले.

"मी अजून एक वर्ष काढीन. मला इथली सवय झालीय. तुला घरी बसायची झालीय का?"

चारला पाच मिनिटं कमी असताना बारकी मेट्रनसमोर बसली. शेवटचं कलम तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि बदली म्हणून कोणीही चालेल का, असं विचारलं.

मेट्रनने चष्म्यावरून पाहिलं. "पास झालेली हवी. का, कोणी आहे डोळ्यासमोर?"

बारकीने सही केली. मेट्रनने तिची प्रमाणपत्रं कपाटात ठेवली आणि त्याच कप्प्यातून ताईची काढली. ताई गणवेशही न बदलता फाटकाबाहेर पडली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बारकीने घरी फोन लावला. शेंडेफळाने उचलला.

"मिळाली? वॉर्ड कसा आहे गं?"

वरून कोणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं.

"हवेशीर आहे," बारकी म्हणाली. "आणि हे बघ, एकाही वर्षी नापास होऊ नकोस."