केसांच्या गोळ्या

रिपोर्ट संध्याकाळी फोनवर येतील, असं खासगी लॅबवाल्यांनी सांगितलं होतं. संध्याकाळ म्हणजे नेमकी कधी, हे तिने विचारायला हवं होतं. दुपारपासून ती फोन उघडत होती, मिटत होती. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, बटण सतरा वेळा दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येते का?"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातल्या बहुतेक गोष्टी त्याला लिफ्टवरूनच कळत.

"येत नाही. पण माणूस दाबतोच ना?"

"दाबतो. म्हणून तर आमचं पोट चालतं."

ती हसली आणि पुन्हा फोन उघडला.

तीनदा दिवस राहिले होते, तीनदा गर्भ पडला होता. तिसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं कधीकधी." ती रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. तिथे एखादी बॅच तीनदा बिघडली असती आणि कुणी 'होतं असं' म्हणालं असतं, तर त्याची धडगत नव्हती. म्हणून तिने खासगी तपासण्या करून घ्यायचं ठरवलं. तिला कारण हवं होतं. कसलंही चाललं असतं, पण नाव असलेलं.

रिपोर्ट एकेक करून आले. रक्त गोठण्याचं नॉर्मल. साखर नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. प्रत्येक 'नॉर्मल' वाचून ती घाईने पुढचा रिपोर्ट उघडत होती. सगळंच ठीक असेल, तर बोट ठेवायचं कशावर?

शेवटचा थायरॉइडचा. त्यात आकड्यांपुढे लाल बाण होते. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती.

"सापडला का गं चोर?" सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"सापडला, आई."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. "मी म्हणतच होते. माझ्या मावशीचं असंच होतं. गोळी सुरू केली आणि पाठोपाठ जुळे!"

"आई, तुझ्या मावशीला मूल नव्हतं," नवरा म्हणाला.

"मग दुसऱ्या कुणाला तरी झाले असतील. तू मध्ये तोंड घालू नकोस."

त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी केस विंचरून झाल्यावर तिने नेहमीसारखा आरशापुढचा गोळ्यांचा डबा उचलला. मागच्या खेपेनंतर तिचे केस मूठमूठ गळू लागले होते. ते सासूबाईंच्या नजरेस पडलं होतं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून हा डबा आणून त्यांनी तिच्या कंगव्याशेजारी ठेवला होता. कारखान्यात हातात येईल त्या डब्यावरची चिठ्ठी वाचायची तिला सवय होती. हीच एक चिठ्ठी तिने कधी वाचली नव्हती. आज वाचली.

बायोटिन. केसांसाठीचं जीवनसत्त्व, तेही भरपूर.

गोळी तिच्या तळहातावरच राहिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने बायोटिन वापरलं होतं. रक्तातला नेमका पदार्थ पकडून ठेवायला काही चाचण्यांत ते गोंदासारखं लावतात. रक्तातच हा गोंद जास्त झाला, की चाचणी फसते. मग धडधाकट ग्रंथीसुद्धा पिसाटल्यासारखी दिसते.

सुई टोचण्याआधी लॅबमधल्या मुलीने विचारलं होतं, "काही औषधं चालू आहेत?" आणि ती बिनदिक्कत "नाही" म्हणाली होती. केसांच्या गोळ्या, ते काय औषध होतं? कारखान्यात मात्र ती प्रत्येक नवख्या मुलीला बजावायची, "रंगाला नावं ठेवण्याआधी डबा बघ. त्यात आधी काय होतं ते विचार."

तिने गोळी परत डब्यात टाकली. झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. न्हाणीघरापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या. गप्प बसलं तर? लाल बाण होते, औषध होतं, सासूबाईंची मावशीसुद्धा होती. घर रात्रभर निवांत झोपलं होतं. पण नसलेल्या आजारावर औषध घ्यायचं, आणि त्यातच दिवस राहिले तर? आणि पुन्हा पोटातलं गेलं तर? तेव्हा कुणाला विचारायचं?

ती स्वयंपाकघरात गेली आणि डबा ओट्यावर ठेवला.

सगळं ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या गोळ्यांनी..."

"नाही, आई. गोळ्यांनी मला काही केलं नाही. फक्त रिपोर्टला फसवलं."

"मग कारण काय गं?"

"माहीत नाही."

हे दोन शब्द तिने आजवर घरात कुणापुढे उच्चारले नव्हते. सासूबाईंनी डबा उचलून बाजूला ठेवला. मग गॅस बारीक करत म्हणाल्या, "मग आता काय करायचं?"

लॅबच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आठवडाभर गोळ्या बंद ठेवा, मग पुन्हा रक्त द्या. तो आठवडा तिने दाराबाहेर चपला सारख्या करण्यात, धुतलेले कप परत धुण्यात घालवला.

लॅबमध्ये तीच मुलगी होती. "काही औषधं चालू आहेत?"

ती तोंड उघडणार, तोच शेजारून सासूबाईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर आदळला. "ह्या होत्या. मी आणल्या होत्या. आठवडा झाला बंद करून. लिहून घे."

मुलीने लिहून घेतलं. सुई आत गेली, नळीत रक्त चढू लागलं.

"रिपोर्ट कधी मिळेल?" तिने विचारलं.

"संध्याकाळी."

"संध्याकाळी म्हणजे नक्की कधी?"